मोईनभाईंना द्वार नको होतं

मोईनभाई गेल्याची बातमी मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सकाळी साडेसातला चष्मा पुसून मोबाईल उघडला, तर हात जोडलेल्या चित्रांची रांग होती आणि त्या रांगेच्या मधोमध एका सदस्याचा प्रश्न : 'फ्लेक्स कुणी सांगितला का?' माणूस जाऊन दोन तासही झाले नव्हते. मी तशीच मागच्या गल्लीत त्यांच्या घरी गेले. भाभी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, चहा मागितला आणि प्यायलेच नाहीत..." मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

अनया, ईशान, माझ्या नातवंडांनो, याला आता पाच आठवडे झाले. सुट्टीत आलात की ज्यांच्या स्कूटरवर मागे बसून तुम्ही गोठे बघायला जायचात, ते 'म्हशीवाले आजोबा' कोण होते, हे मेलबर्नमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून हे लिहिते आहे. आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीला छापायला देते आहे, कारण या शहरातल्या काही जणांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. मी रागात आहे. राग उतरल्याशिवाय कागदाला पेन लावू नये, असं मी बत्तीस वर्षं वर्गात सांगितलं. पाच आठवडे थांबून पाहिलं. उतरत नाही.

डॉ. मोईन शेख पशुवैद्य होते. नोकरीची बहुतेक वर्षं वैजापूर तालुक्यातल्या दवाखान्यांत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, आमच्या पाठीमागे घर बांधलं. मी इंग्रजीची प्राध्यापिका, एवढं कळल्यावर एक दिवस ते हातात फाईल घेऊन दारात उभे राहिले. पशुवैद्यकाच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलांना परदेशातल्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यांत दोन-दोन महिने काम करायला, संशोधन बघायला मिळतं. त्याला एक्स्टर्नशिप म्हणतात. तिथले लोक शिकवतात, पण जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं आपलं आपण बघायचं. खेड्यातलं पोर तिथंच अडतं. मोईनभाईंना स्वतःला तरुणपणी असं पत्र आलं होतं. तिकीट परवडलं नाही, गेले नाहीत. त्यांनी त्या गोष्टीवरून कधी गळा काढला नाही. जुने सहकारी आणि दूधवाले गोळा केले आणि निधी उभा केला. निधीला मंडळ लागतं, मंडळाला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष वजनदार असावा लागतो. तसा एक मिळाला. चिटणीस मला केलं. "बाई, तुमच्याकडं कागद हरवत नाय," हे त्यामागचं कारण.

पहिल्याच बैठकीत अध्यक्ष हसून म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, आपल्याकडं म्हशी कमी पडल्या का, की बघायला फॉरेनला पाठवायचं? ही तर सहलच झाली!" सगळे हसले. मीही हसले, हे इथे नोंदवून ठेवते. मोईनभाई हसले नाहीत. "साहेब," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत हजार वेळा शेतकऱ्यानं मला विचारलं, जनावर का मेलं. त्यातल्या निम्म्या वेळा मी म्हणालो, मालूम नहीं. जिथं कुणाला मालूम आहे, तिथं एक तरी पोर जाऊन येऊ द्या."

असंच एकदा त्यांना एका दहा वर्षांच्या मुलीनं विचारलं होतं. विशाखा साळवे तिचं नाव. गाव वैजापूरच्या पुढे. वडील बजाजनगरला कारखान्यात कामाला, आई गावाकडे दोन म्हशी सांभाळायची. त्यातली एक व्यायला आली आणि अडली. पोटातल्या पिशवीला पीळ पडला होता. अशा वेळी म्हशीला दोरांनी आडवी करतात, पोटावर फळी टेकवतात, फळीवर कुणीतरी उभं राहतं आणि बाकीचे म्हशीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवतात. फळीच्या दाबानं पिशवी जागच्या जागी राहते, म्हैस फिरते आणि पीळ सुटतो. मोठी माणसं दोराला लागली होती. मोईनभाईंनी कोपऱ्यातल्या मुलीला हाक मारली, "ए पोरी, चढ फळीवर. नाचायचं नाय, नुसतं उभं राहायचं." ती उभी राहिली. तिसऱ्या लोळवणीला पीळ सुटला, म्हैस वाचली, पण रेडकू मेलेलं निघालं. मुलीनं विचारलं, "ते का मेलं?" मोईनभाई म्हणाले, "मला नाय माहीत." पुढे पशुवैद्यकला प्रवेश मिळाल्याचे पेढे घेऊन ती त्यांच्याकडे आली, तेव्हा पेढा हातात ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "सर, आता तरी कळलं का, ते का मेलं?"

आता माझा अपराध. विशाखानं एक्स्टर्नशिपसाठी पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा सोबतचा निबंध तपासायला माझ्याकडे आला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, आणि अर्धं पान त्या फळीवर आणि त्या मेलेल्या रेडकावर खर्ची पडलं होतं. मी लाल पेन घेतलं. दोर, फळी, शेण, रक्त सगळं काढलं, आणि त्या जागी 'मला लहानपणापासून प्राण्यांची अत्यंत आवड आहे' अशा अर्थाचं एक देखणं, निर्दोष वाक्य घातलं. नकार आला. मोईनभाईंनी माझी सुधारलेली प्रत मागून घेतली, व्हरांड्यात बसून दोनदा वाचली, मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"बाई, यातली म्हैस कुठं गेली?"

"मोईनभाई, ते बरं दिसत नव्हतं."

"म्हैस कधी बरी दिसते? पण पोरगी तिच्या पोटावर उभी होती ना! तिला खाली उतरवलं तुम्ही."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विशाखाला बोलावलं आणि म्हटलं, तू सांग, मी फक्त व्याकरण बघते. ती म्हणाली, "बाई, खरंच सगळं लिहू? लई घाण वाटंल." मी म्हटलं, वाटू दे. यंदा तो अर्ज गेला. परदेशातल्या एका दवाखान्यात जनावराला लोळवण्याआधीच पोटातलं पिल्लू जिवंत आहे का, पिशवीचा रक्तपुरवठा तुटलाय का, हे सोनोग्राफीनं कसं ओळखावं, यावर काम चालू आहे. तिथून होकार आला. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं होतं की, ती फळी किती रुंद होती?

ते पत्र दाखवायला मोईनभाई स्वतः माझ्याकडे आले. तीच आमची शेवटची भेट. फळीच्या रुंदीचा प्रश्न त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. नंतर आठच दिवसांनी ते गेले.

शोकसभा झाली. फ्लेक्सवर मोईनभाईंचा फोटो जेवढा होता, त्याच्या दुप्पट अध्यक्षांचा. 'मुक्या जीवांचा देवदूत' असं लिहिलं होतं. मोईनभाईंनी ते वाचलं असतं तर म्हणाले असते, मुकी कुठं, रात्रंदिवस ओरडतात. भाषणं झाली. ज्यांनी त्यांच्या हयातीत 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवलं, ते गहिवरले. आणि मग अध्यक्षांनी जाहीर केलं की, डॉक्टरसाहेबांची स्मृती चिरंतन राहावी म्हणून निधीतून कॉलनीच्या तोंडाशी एक भव्य स्मृतिद्वार उभारण्यात येईल. टाळ्या. शोकसभेत टाळ्या! विशाखा मागे भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली.

मी उठून विचारलं, "आणि मुलीचं तिकीट?"

"मॅडम, दुःखाच्या प्रसंगी वाद नको. मुलगी काय, पुढच्या वर्षीही जाईल."

"पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनी नसेल. ही जागा विद्यार्थ्यांसाठी असते. होकार या महिन्याअखेर कळवायचा आहे."

"मग दुसरी कुणी जाईल. सहली काय, होतच राहतात."

तोच शब्द. इतक्या वर्षांनी, त्यांच्या फोटोसमोर, हार घातलेला असताना. ज्या माणसानं उभ्या जन्मात आपल्या नावाची पाटी घरावर लावली नाही, त्याच्या नावाच्या कमानीखालून आता पाण्याचे टँकर जाणार, आणि जिच्यासाठी त्यानं हे सगळं केलं, ती इथेच राहणार. याला स्मृती म्हणतात?

निधीच्या चेकवर दोन सह्या लागतात, अध्यक्षांची आणि चिटणीस म्हणून माझी. द्वाराच्या आगाऊ रकमेचा चेक माझ्याकडे आला, तो मी सही न करता परत पाठवला. विशाखाच्या तिकिटाचा चेक लिहून, माझी सही करून अध्यक्षांकडे पाठवला. तो त्यांच्या टेबलावर आहे. निरोप आला, "मॅडमला म्हणावं, वयाचा मान ठेवतोय म्हणून गप्प आहे." ठेवू नका, साहेब. सही करा. दवाखान्याला मी होकार कळवून टाकला आहे, कुणालाही न विचारता. बैठकीच्या ठरावाशिवाय बाहेर गेलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र. त्याची प्रत ठेवली आहे; ज्यांना आक्षेप असेल त्यांनी घरी येऊन बघावी.

काल दुपारी विशाखा आली होती. इथल्याच एका गोठ्यावरून थेट आलेली, बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या. मी आत माझं बँकेचं पासबुक काढून बसले होते. अंगणातला नळ सुटल्याचा आवाज आला, साबण घासल्याचा आला आणि मग मोजणं ऐकू आलं, "एक... दो... तीन..." मोईनभाई कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी खांद्यापर्यंत हात तीनदा धुवायचे आणि असंच, हिंदीत, मोठ्यानं मोजायचे. मी दाराशी येऊन थांबले. एरवी गावाकडची मराठी बोलणारी ही मुलगी हिंदीत मोजत होती, आणि हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"बाई," ती हात निथळत म्हणाली, "साहेबांनी सही नाय केली तर?"

"तू पासपोर्ट आणलास का?"

"व्हय, आणलाय."

"मग आत ये," मी म्हटलं, आणि तिला टॉवेल दिला.