दुसऱ्या टिंबाची जागा

कॅम्प पाचमधल्या लहान मुलांच्या दवाखान्याच्या पाटीवर मराठी आली ती माझ्या पत्रकामुळे, आणि तिथली सिंधी पुसली गेली तीही माझ्याच पत्रकामुळे. पहिली गोष्ट मी अंबरनाथभर सांगत फिरलो. दुसरी माझ्या तोंडावर कुणी काढत नाही, म्हणून मीच लिहितो.

सुरुवात आत्यापासून. ती बदलापूरच्या पलीकडे राहते. घरचे भात, बांधावरची भाजी, आणि आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन कॅम्पात. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन बराकी भरल्यापासून तिची भेंडी अंबरनाथपेक्षा तिथेच लवकर खपते. त्या दिवशी मात्र टोपलीऐवजी तिच्या कडेवर तापाने फणफणलेली नात होती. बराकी सगळ्या एकसारख्या, लष्कराने बांधलेल्या. एकीत दवाखाना, शेजारच्या एकीत रेशन. दोन्हींवर पाट्या होत्या, वर सिंधी आणि खाली इंग्रजी. आत्या दुसरीपर्यंत शिकलेली आहे, अक्षराला अक्षर लावून वाचते. तिच्या ओळखीचे एकही अक्षर तिथे नव्हते. ती अख्खी सकाळ रेशनच्या रांगेत बसली. पाळी आली तेव्हा आतल्या माणसाने कार्ड मागितले, आणि हिने नात पुढे केली.

"रांग हाय म्हंजे डाक्टरचीच आसंल, आसा मना वाटला," दुपारी आमच्या घरी येऊन ती म्हणाली. "पाटीवं नुसत्या मुंग्या चालल्यात. त्यात काय वाचू मी?"

नात दोन दिवसांनी खेळायला लागली. मी शांत झालो नाही. दिवसा कारखान्यात हजेरी लिहायची आणि सुटल्यावर पत्रके, असा माझा तेव्हाचा क्रम होता. आमची चौघांची समिती होती आणि चौघांत लिहिता हात माझा. मी लिहिले: ज्या मातीवर या बराकी उभ्या आहेत त्या मातीची भाषा त्यांच्या दारावर का नाही? पाटीवर मराठी हवी, ठसठशीत हवी, लांबून दिसेल अशी हवी. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. चूक होती ती न लिहिलेल्या ओळीत. आहे ती सिंधी राहू द्या, हे लिहायचे मला सुचलेच नाही.

कॅम्प ऑफिसातले हेडक्लार्क मराठीच होते. पत्रक वाचून त्यांनी वाद घातला नाही, पेंटर पाठवला. त्याने अख्खी पाटी पांढरी केली. मधोमध मोठ्या निळ्या अक्षरांत ‘लहान मुलांचा दवाखाना’ लिहिले, वर बोटभर जाडीची शिरोरेषा ओढली आणि खाली इंग्रजी बारीक करून टाकली. सिंधीच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरला. आम्ही चौघे ती पाटी बघायला मिरवत गेलो.

दारात दवाखान्याचा कंपाउंडर उभा होता. साठीचा सिंधी गृहस्थ, पांढरा लेंगा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सगळे त्याला साईं म्हणत. त्याने रेशनच्या रांगेकडे बोट केले. रांगेत कॅम्पात नव्या आलेल्या दोन सिंधी बाया मांडीवर पोरे घेऊन बसल्या होत्या.

"तुम्हारी आत्या उधर बैठी थी, मालूम है मेरेको," तो म्हणाला. "अब हमारी बैठती हैं. सुधारणा हो गई, पुट?"

पुट म्हणजे बेटा. शिवी दिली असती तर मला उत्तर देता आले असते. आमच्यातला एक जण म्हणाला, "सिंधी हवी तर आपल्या लिपीत लिहा की, साईं."

"लिखो ना. ये औरतें उधर चार किताब पढ़के आई हैं, अपने अक्षर में. तुम्हारा अक्षर सीखेंगी तब तक इनके बच्चों की शादी हो जाएगी."

मी तिथूनच ऑफिसात गेलो. हेडक्लार्क फायलीवरून नजर न काढता म्हणाले, "तुम्हीच मराठी मागितलीत, दिली. आता सिंधी मागता. पेंटर पुन्हा येणार नाही. वरचा पट्टा मोकळा आहे, रंगवा. सोमवारी मी पाहायला येईन. चूक निघाली तर तुमच्या दोन्ही भाषा पुसून इंग्रजी तेवढी ठेवीन. रोजची कटकट नको."

म्हणजे आत्याची ओळसुद्धा पणाला लागली होती.

साईंचा हात थरथरायचा, शिडी त्याला जमणार नव्हती. भिंतींवर गेरूने घोषणा लिहून माझा हात मात्र तयार होता. रविवारी सकाळी त्याने कागदावर ओळ लिहून दिली आणि मोठ्याने वाचून दाखवली: बारन जो दवाखानो. मी दोनदा म्हणायला लावले. दवाखानो. आमचा दवाखाना, फक्त शेवटचा आ गेला आणि ओ आला. ज्या ओळीला आत्या मुंग्या म्हणाली होती तिच्यात अर्धी आमचीच भाषा बसलेली होती. याची मला तेव्हा जरा लाजच वाटली.

शिडीवर चढून मी चित्र उतरवावे तशी अक्षरे उतरवू लागलो, अर्थात डावीकडून. सिंधी उजवीकडून सुरू होते हे मला माहीत होते, माझ्या हाताला माहीत नव्हते. शेवटाकडून सुरुवातीकडे येता येता जागा संपत आली आणि ओळीचा पहिला शब्द उजव्या टोकाला, ‘दवाखाना’मधल्या ‘ना’च्या डोक्यावर, दाटीवाटीने बसला. त्याच्या पहिल्या अक्षराखाली कागदावर दोन टिंबे होती, एकाखाली एक. मी पहिले दिले. दुसऱ्याच्या जागी ‘ना’ची जाड शिरोरेषा. मी विचार केला, टिंब ते टिंब. अनुस्वाराला कधी कुणी दोन टिंबे देतो का? साईं आत गोळ्या मोजत होता. मी ब्रश धुतला आणि खाली उतरलो.

पहिली वाचक म्हणून एक सिंधी म्हातारी आली, डोक्यावर कपड्यांचे गाठोडे. तिने ओठ हलवत पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि गाठोडे दवाखान्याच्या पायरीवर उतरवून आत हाक मारली. साईं बाहेर आला, वर बघितले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागला. हसून हसून.

"अम्मा पूछती है, मेरा गठरी बीमार है, दवा मिलेगी क्या?"

एका टिंबाच्या ‘ब’चा बार म्हणजे ओझे. दोन टिंबांच्या ‘ब’चा बार म्हणजे मूल. कॅम्प पाचात मी ओझ्यांचा दवाखाना उघडला होता.

"पण दोन्ही बारच ना?" मी म्हणालो.

"दूसरे में सांस अंदर लो. बोलो."

मी श्वास आत ओढून म्हणालो. म्हातारीने मान हलवली. पुन्हा म्हणालो. तिने काहीतरी सांगितले. साईं म्हणाला, "बोलती है, अभी भी बोझा ही है. हल्का हुआ है थोड़ा."

मी पुन्हा शिडी लावली. टिंबाला जागा एकाच ठिकाणी निघत होती. मी दाढीची पत्ती मागून घेतली. एवढ्यात समितीतला तो ‘आपल्या लिपीत’ म्हणणारा लिपीवाला सायकलवरून आला आणि खालूनच ओरडला, "अरे, काय खरवडतोयस?"

"शिरोरेषा."

"मराठीची? तू? वर सिंधी चढवलीस तेवढी कमी पडली का? आता लोकांना काय सांगायचं?"

"ठसठशीत रेघ मी मागितली होती. मीच कापतो. लोकांनी विचारलं तर पत्रक काढू."

"ते तू लिही. माझं नाव खाली नको," असे म्हणत त्याने शिडी धरली.

‘ना’वरची दोन बोटे रेघ मी काढली, जागा पांढरी केली, सुकू दिली आणि दुसरे टिंब दिले. ‘ना’ आता उघड्या डोक्याने उभा होता, पण वाचता येत होता.

सोमवारी हेडक्लार्क आले. रांगेतल्या एका सिंधी बाईला त्यांनी वरची ओळ वाचायला सांगितली. तिने वाचली, पहिला ब श्वास आत घेऊन, आणि अर्थ विचारल्यावर मांडीवरचे मूल दाखवले. मग त्यांचे बोट ‘ना’कडे गेले.

"ही शिरोरेषा तुटली आहे. ही चूक नाही?"

"नाही."

"मग काय आहे?"

"तिथे टिंब आहे त्यांचं. त्याला जागा दिली आहे. मराठी वाचता येते की नाही, तेवढं सांगा."

त्यांनी मराठी ओळ पुटपुटत वाचली. "वाचता येते," म्हणाले, आणि छत्री उचलून रेशनच्या पाटीकडे वळून विचारले, "ती कधी करताय?"

ती आम्ही पुढच्या रविवारी पांढरी करून पुन्हा लिहिली. या वेळी उजवीकडून सुरुवात केली आणि मराठीची रेघ मुळातच एक बोट खाली घेतली. समितीच्या पुढच्या पत्रकात मी स्वच्छ लिहिले की या गावाच्या प्रत्येक पाटीवर मराठी पाहिजे, आणि वाचणारे जिथे आहेत तिथे त्यांची सिंधीही पाहिजे, पूर्ण टिंबांसकट. खाली चौघांचीही नावे होती. लिपीवाल्याचे तिसरे.

पंधरा दिवसांनी आत्या नातीला खोकल्यासाठी घेऊन आली. मी मुद्दाम बरोबर गेलो. ती वर न बघताच दवाखान्याच्या पायरीवर चढली.

"आत्या, पाटी वाच की," मी म्हणालो.

"वाट म्हाईत झालीय आता. पाटी कशाला वाचू?"

पायरीपाशी एक परकी बाई थबकली होती, नऊवारीतली, कडेवर मूल, शेजारच्या दोन दारांकडे आळीपाळीने बघत. आत्या मागे वळली, तिच्या जवळ गेली आणि बोट वर करून अक्षराला अक्षर लावून वाचायला लागली. "ल… हा… न…" ‘ना’पाशी आल्यावर ती अडली. मला म्हणाली, "ह्याच्या डोक्यावरचा पदर कुठं गेला रं?"

"वरच्या पोराला दिला," मी म्हणालो.

"मग बराय," आत्या म्हणाली, आणि त्या बाईला घेऊन आत गेली.