दुसऱ्या संध्याकाळची प्लेट

भोरच्या बाजारात पासलीच्या एका गाडीवानाने मला ओळखलं. मुंडासं हातात घेऊन म्हणाला, "आमचं मास्तर गेलं. कफानं छाती भरली व्हती..." सदाशिव गेल्याला आता महिना झाला.

तो आणि मी बरोबरच मास्तर झालो. मी भोरला राहिलो. त्याने पासलीची डोंगरातली शाळा मागून घेतली. तिथे काळोख चांगला मिळतो, एवढंच कारण. दुर्बिणीच्या नळीवर त्याने जुना कॅमेरा बांधला होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पुसट धूमकेतू तो काचेच्या प्लेटवर टिपायचा. आकाश सरकेल तशी नळी हाताने हळूहळू फिरवत उभा राहायचा. प्लेटवर धुरकट ठिपका उमटला तरी हुरळायचा नाही. "तेजोमेघही असाच दिसतो," म्हणायचा. "दुसऱ्या दिवशी पुन्हा प्लेट घ्यायची. ताऱ्यांमधून सरकला, तरच धूमकेतू."

लढाईच्या दिवसांत, भातकापणी चालू असताना, असा एक ठिपका त्याला मावळतीकडे सापडला. ताऱ्यांच्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीला, ठकूला, हुडहुडी भरून ताप आला. दुपारी लक्ष्मीवहिनी म्हणाल्या, "पोरीचं अंग लई तापलंय. आत्ताच भोरला दवाखान्यात न्हेऊ." हिवताप त्या बाजूला घरोघरचा. आणि चांदणं वाढत जाणार, मग तो ठिपका दिसायचा नाही. सदाशिव म्हणाला, "एवढी संध्याकाळची प्लेट होऊ दे. पहाटेच निघू."

पहाटे घोंगडीची झोळी करून तिला नेलं. वेल्ह्याच्या अलीकडेच ठकू गेली.

कळलं तसा मी पासलीला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "आबाळाचे येवढे फोटू काढले. माज्या ठकूचा एक द्या." लढाईमुळे प्लेटी मिळत नव्हत्या, तो जपून वापरायचा... ठकूचा एकही फोटो नव्हता.

निघताना तो मला बांधापर्यंत पोचवायला आला. तिथे थांबून एकदम म्हणाला, "ती प्लेट मी धुतली."

"मग?"

"सरकला होता."

वेधशाळेला कळवलंस का, एवढंच मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कळवताना तारीख लिहावी लागते रे."

त्याने कधीच कळवलं नाही. कॅमेऱ्यालाही पुन्हा हात लावला नाही. शाळेत शिकवायचा, घरी यायचा, दिवेलागणीला दार लावून घ्यायचा. वहिनी त्याला जेवायला वाढत. दोघांत बोलणं फारसं उरलं नव्हतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. घरामागे त्याची काळोखात प्लेटी धुवायची खोली आहे. खिडकीला चिकटवलेला काळा कागद तसाच होता, कडा फक्त सुटल्या होत्या. पण बाकी सगळं झाडलेलं, पुसलेलं. मी म्हटलं, "वहिनी, हा कागद आता काढू का? जरा हवा येईल."

वहिनी दारात आडव्या आल्या.

"नगं भावजी," म्हणाल्या. "आत उजेड गेल्याला त्येंला चालत न्हाई."