फोटोखाली वावराचं नाव

निसर्ग छायाचित्र स्पर्धेचे नियम मी परीक्षेसारखे वाचले. ते इंग्रजीत होते आणि माझं शालेय शिक्षण नांदगाव खंडेश्वरला मराठीतून झालेलं, त्यामुळे काही वाक्यं दोनदा वाचावी लागली. फोटोत काही मिसळायचं नाही, काही पुसायचं नाही. पक्ष्याला आमिष दाखवायचं नाही, त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलवायचं नाही. हे सगळं मी पाळलं होतं. अडचण उरलेल्या दोन नियमांची होती. खासगी जमिनीवर काढलेल्या फोटोला मालकाची लेखी परवानगी हवी. आणि पक्षी दुर्मीळ असेल तर फोटोखाली फक्त जिल्हा लिहायचा. गाव, शिवार काही सांगायचं नाही.

माझा फोटो तणमोराचा होता. हा कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात याचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो आणि क्षणात पुन्हा गवतात नाहीसा होतो. आता तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. मला तो अकोला जिल्ह्यात, एका मित्राच्या मामांच्या वावरात दिसला. मीही त्यांना मामाच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी अमरावतीहून एसटीने जायचो आणि त्यांच्या बांधावर ताडपत्रीखाली बसून राहायचो. मामी भाकर आणि ठेचा पाठवायच्या. मामांनी कधी काही मागितलं नाही. फक्त पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "फोटो छापून आला त खाली आपल्या वावराचं नाव टाकजो." त्या वावराला जुनं नाव आहे. मी हो म्हटलं. नियम मी नंतर वाचले.

परवानगीचा कागद घेऊन गेलो तेव्हा मामी ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. माझे आईवडील शिकलेले नाहीत. न वाचता येणाऱ्या कागदावर सही मागितली की माणसाला कसं वाटतं ते मी घरी पाहिलं आहे. म्हणून सगळा मजकूर मी मामांना मराठीत सांगितला, जिल्ह्याचा नियमसुद्धा.

"गावाचं नाव काहून नाही?" मामांनी विचारलं.

"नाव कळलं की लोक गाड्या घेऊन येतील, मामा. प्रत्येकाला फोटो पाहिजे असतो. गवतात शिरतील. पक्षी जागा सोडून जाईल."

"गवत कोनं ठेवलं?"

"तुम्ही."

"मंग नाव जिल्ह्याचं कसं?"

मामांनी कागद माझ्याकडे सरकवला. सहीशिवाय फोटो पाठवता येणार नव्हता, पण त्याहून मला दिलेला शब्द मोडतोय याचं वाईट वाटत होतं.

मामी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "त्यायचं बक्षिसावर मन नाही, बाप्पा. बाजूचा वावरवाला रोज बोलते. नाल्याकाठी एवढं गवत वाढवलं, पेरत नाही, म्हने हे त आयशाचं, कामचोराचं वावर."

"बोलू दे," मामा म्हणाले. "पन एकडाव छापून आलं असतं त त्याले दाखवलं असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे नाव स्पर्धेच्या अमरावतीतल्या प्रदर्शनात कुणी वाचलं नसतं तरी चाललं असतं. ते गावात वाचलं जायला हवं होतं, आणि गावाला तो पक्षी कुठे आहे हे आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी मोठा फोटो फ्रेम करून आणतो. त्याच्याखाली वावराचं नाव टाकतो. तो तुमच्या भिंतीवर लावा. फक्त मोबाइलवर कुणाला पाठवू देऊ नका."

मामांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. "मोठ्या अक्षरात टाकशीन?"

"अक्षरायच्या आधी पक्षी दिसू द्या," मामी म्हणाल्या.

मामांनी सही केली. पुढच्याच खेपेला मी फ्रेम नेऊन दिली.

स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही, पण फोटो प्रदर्शनात लागला. खाली 'अकोला जिल्हा' एवढंच होतं. दोघातिघांनी जागा विचारली. मी सांगितली नाही. वाईटपणा आला, पण तेवढं चालतं.

प्रदर्शन चालू असतानाच मामांचा फोन आला.

"बाजूचा येऊन गेला. चष्मा लावून पायलं त्यानं."

"काय म्हणाला?"

"म्हने, फोटोतला बांध माह्या बाजूचा हाय. पक्षी माह्या वावरावर उडून रायला. म्हने, माह्या बी वावराचं नाव टाकाले सांग त्या पोराले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, पयले गवत ठेव. मंग बोल."