मेन स्विच बंद केला की विसरणारा कॉम्प्युटर

सुरतच्या पांडेसऱ्यात आमचा साड्यांवर भरतकाम करायचा छोटा कारखाना आहे. डिझाइनच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली, सेटिंगमध्ये तिला पहिली ठेवली, तरी रोज सकाळी तो जुन्याच डिस्कवरून सुरू होतो. आजही तेच. काम अडलंय आणि ऑर्डर दिलेली पार्टी डोक्यावर बसलीय.

शेवटी रिपेरिंगवाल्या भाईंना बोलावलं. ते म्हणाले, "आतला सेल संपलाय. मेन स्विच बंद केला की हा सगळं विसरतो. सेल उद्या आणतो, आज रात्री मेन चालूच ठेवा."

मेन रोज माझे वडील, आप्पा, बंद करतात. सत्तरच्या दशकात ते खानदेशातून इथल्या मिलमध्ये आले. तिथं वायर जळून आग लागली, त्यात शेजारच्या मागावरचा त्यांचा मित्र गेला. तेव्हापासून मेन बंद केल्याशिवाय ते कुठूनही निघत नाहीत.

आप्पा ऐकत होते. म्हणाले, "मेन बंद केला की विसरतो? बरंय बाबा त्याचं."

आता कारखाना बंद करायची वेळ झालीय. आप्पा मेनजवळ उभे आहेत. मंडळी, काय सांगू त्यांना?