मोजणीवाले नाना आणि न दिसणारी कडी

नाना कोणाचंच ऐकून घेत नसत. समोरचा बोलू लागला की चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत बसायचे आणि त्याचं संपलं की चष्मा चढवून आपलंच पुढे चालू करायचे. साक्रीला जमीन मोजणीच्या खात्यात जन्म घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ धुळ्यात आमच्या शेजारी राहत. जगात मोजणारे आणि थापा मारणारे अशा दोनच जाती आहेत, असं त्यांचं ठाम मत. मी दुसरीतला.

मी घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुपारी काम नसलं की अवकाशातला एक खेळ खेळायचो. यान घेऊन ताऱ्याताऱ्यांतून हिंडायचं, नवे ग्रह शोधायचे, बस. नाना मागे खुर्ची टाकून नाक मुरडत बघत. एकदा एका ग्रहापाशी पोहोचलो. बाजूच्या माहितीत लिहिलेलं, याला शनीसारखं कडं आहे. आतली त्रिज्या इतकी, बाहेरची इतकी, वस्तुमान इतकं. पडद्यावर मात्र नुसता गोळा.

"कागदवर शे, मंग जागावर काबर दिखत नही?" नाना म्हणाले. मग जरा थांबून, "तुले दिखस का?"

मला कसलं दिसतंय! पण दोनच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नानांना काचबिंदू सांगितला होता. रोज थेंब टाका, नाहीतर नजर जाईल, असं बजावलं होतं. नानांनी त्या डॉक्टरलाही थापा मारणाऱ्यांत टाकलं होतं, तरी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागे लागून थेंब घालत. हे सगळं ठाऊक असून मी म्हणालो, "दिसतंय की नाना, चांगलं ठळक. डोळे सांभाळा." याला मी त्या काळी विनोद म्हणायचो.

नाना पेटले. मी इंटरनेटवर खेळाच्या चर्चेत शोधलं, तर तिथे सगळे दीडशहाणे. कोणी म्हणे खेळच फुटका आहे, कोणी म्हणे तुमचं ग्राफिक्स कार्ड भिकार आहे. मोजलं कोणीच नव्हतं. नानांनी कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. विषय: ग्रहाचे कडे अभिलेखात असून जागेवर आढळून येत नसल्याबाबत. त्याचं इंग्रजी करून मलाच पाठवावं लागलं. आपल्या अमूल्य सूचनेबद्दल आभार, असं उत्तर आलं. नानांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला, "मोघम."

मग ते स्वतःच मोजायला बसले. शेताच्या क्षेत्रातून विहीर वजा करावी तसं बाहेरच्या वर्तुळातून आतलं वजा करायचं आणि उरलेल्या क्षेत्राने वस्तुमानाला भागायचं. वही भरत गेली. महिनाभराने एका दुपारी त्यांनी पाच ग्रहांची नावं लिहून दिली: तिघांची कडी दिसणार नाहीत, दोघांची दिसतील. मी यान घेऊन फिरलो. पाचही बरोबर.

"साक्री तालुकाभर एक पायली बाजरी फेकी दिधी, तं पीक दिखी का?" नाना म्हणाले. कडं अफाट रुंद आणि माल चिमूटभर, म्हणून खेळ ते काढतो पण इतकं विरळ की कोणालाच दिसू नये. "तू झूट बोलना व्हता. मना डोया चांगला शेतस."

मी हसून कान पकडले. त्याच संध्याकाळी त्यांनी थेंबांची बाटली फेकून दिली, हे अक्कांनीच मला सांगितलं. "तू तरी समजाव," म्हणाल्या. कडं विरळ असल्याने डॉक्टर खोटा ठरत नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मी कामात होतो. नानांचा शोध मी चर्चेत माझ्या नावाने टाकला होता आणि देशोदेशीचे लोक माझी पाठ थोपटत होते. त्यांना उत्तरं देण्यातून सवड कुठली?

दीड वर्षाने नाना अक्कांचा हात धरून आले. त्याआधी नरडाण्याला एका खासगी मोजणीत त्यांनी हद्दीची खुंटी शेजाऱ्याच्या रानात ठोकली होती आणि शेतकऱ्याने स्वतःच ती उपटून जागेवर लावली होती. अक्कांनी हे दारातच हळू आवाजात सांगितलं. नाना खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्या जाड कडावर ने."

आम्हाला सापडलेलं सगळ्यात दाट कडं मी पुढ्यात आणलं. अर्धा पडदा उजळला. नाना मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत राहिले.

"शे का?"

"विरळ आहे नाना" हे अगदी ओठांवर आलं होतं. या वेळी खोटं बोलायला विनोदाचं निमित्तही नव्हतं, मला फक्त सुटायचं होतं. तरी म्हणालो, "आहे नाना. अर्धा पडदा भरलाय."

नानांनी चष्मा काढून काचा पुसल्या, पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मंग मी चुकनू."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घालून माउस हलवत राहिलो.