कृपा म्हणे

नॅन्सीचं डोकं फिरलं ते एकाच शब्दावरून. नेवाशाच्या अलीकडच्या त्यांच्या गावातल्या चर्चच्या मंडळीनं भजनांची नवी पुस्तिका छापली होती, आणि तिच्या आईच्या भजनातली ‘कृपा’ हाकलून तिथं ‘दास’ आणून बसवला होता.

आईचं नाव कृपा. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफतात, तसं ती प्रत्येक भजनात ‘कृपा म्हणे’ घालायची. लोकांना वाटायचं, देवाची कृपाच बोलतेय. नवे पाळकसाहेब व्याकरणाचे पक्के. कृपा होते, कृपा काही म्हणत नसते, असा त्यांनी निकाल दिला. आणि पुस्तिकेच्या समितीत बसलेल्या सॅमसननं, नॅन्सीच्या सख्ख्या भावानं, नंदीबैलासारखी मान हलवली.

नॅन्सीला संताप आवरेना. जन्मभर चुलीशी होती, म्हणून काय ती बाई कुठं गेलीच नव्हती? नवऱ्याच्या बदल्यांमागं जामखेड, अकोले, पाथर्डी करत तिनं अख्खा जिल्हा पालथा घातला. पोरं मार्गी लागल्यावर महिला मंडळाबरोबर वेल्लोर, कन्याकुमारी, थेट शिलाँग. बाकीच्या बायका शाली आणायच्या, ही चाली आणायची. शिलाँगच्या चर्चमध्ये ऐकलेली चाल तिनं भाकरी थापता थापता पार नगरी करून टाकली. स्वतःच्या सुटकेसवर ऑइलपेंटनं वेलबुट्टी काढली, का तर फलाटावर लांबून ओळखू यावी. घरी शेवया वळतानासुद्धा तोंडानं काहीतरी जुळवणं चालूच. शिलाँगहून परतताना गाडीतच तिनं हे रचलं होतं:

कृपा म्हणे देवा, वाट फार झाली,
चूल थंडावली, घरी नेई.

रविवारी उपासनेआधी नॅन्सीनं सॅमसनला चर्चच्या आवारातच गाठलं. तो म्हणाला, पुस्तिका छापून झाल्यात, आता तमाशा नको. अर्थ तर तोच राहतो ना. वर हेही म्हणाला, की आई असती तर तिनं वाद घातला नसता.

“म्हणूनच तर तुमचं फावलं,” नॅन्सी म्हणाली. “आणि दादा, हा तुमचा दास कधी चुलीपुढं बसला होता रे?”

सॅमसन तडक आत गेला.

उपासनेत नेमकं तेच भजन निघालं. शेवटचं कडवं आलं आणि सगळी मंडळी ‘दास म्हणे’ गाऊ लागली. नॅन्सी गळ्याच्या शिरा ताणून ‘कृपा म्हणे’ गात राहिली. गाणं विस्कटलं, पेटी थांबली. माना वळल्या. पाळकसाहेब भले माणूस, त्यांनी शांतपणे विचारलं, “ताई, कोण कृपा?”

“माझी आई. हे भजन तिनं रचलंय. पुस्तिकेतली आणखी कितीतरी तिचीच आहेत.”

लोक एकमेकांकडं बघू लागले. ज्या बाकावर आई वर्षानुवर्षं बसली, त्या बाकावरच्या बायकासुद्धा गोंधळल्या. कृपा नावाची बाई कुणाच्या ध्यानातच येईना. शेवटी मागून म्हातारी भागूबाई खणखणीत आवाजात म्हणाली, “आगं, आपली मास्तरीनबाई हाय ती. शांतवन मास्तरांची.”

असं होय, असं होय, करत सगळं चर्च मान डोलावू लागलं. आईनं कधी शाळेत खडू हातात धरला नव्हता. नवरा मास्तर, म्हणून ती मास्तरीणबाई. पाळकसाहेब लगेच म्हणाले, चूक झाली, पुढच्या वेळी दुरुस्त करू, मास्तरांच्या कुटुंबाचा असा उल्लेख राहून जायला नको होता.

बाहेर आल्यावर सॅमसननं हळूच विचारलं, “झालं समाधान? कळलं ना आता सगळ्यांना?”

“कळलं,” नॅन्सी म्हणाली. “पपांचं नाव कळलं.”