रॉड, डंबेल आणि पाच सेंटिमीटर

पोलीस भरतीत छातीचं माप दोनदा घेतात. आधी न फुगवता, मग फुगवून. न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर भरली पाहिजे आणि फुगवल्यावर त्यात किमान पाचाची भर पडली पाहिजे. हे आकडे मला आणि माझ्या चुलतभावाला जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होते. तशी जन्मतारीखही मागे लागलेलीच होती. वयाच्या अटीत दोघांचंही ते शेवटचं वर्ष होतं. यंदा झालं नाही तर पुढं कधीच नाही, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, म्हणून ते जास्तच टोचायचं.

उंची होती, पळणं होतं, लेखीची तयारी होती. अडत होतं ते छातीवर. पहिल्या दिवशी टेप लावली तेव्हा मी सत्त्याहत्तर भरलो, आणि तो माझ्यापेक्षा जेमतेम अर्धा जास्त. हातात तीन महिने होते.

अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जिम होती. तिथले उस्ताद पूर्वी कुस्ती खेळायचे. छातीच्या बाबतीत त्यांचं मत एकच होतं, की छाती येते ती रॉडनं. बेंचवर आडवं व्हायचं, रॉडला दोन्हीकडून प्लेटा लावायच्या, छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. डंबेल त्यांच्या लेखी आरशासमोर मिरवायची वस्तू होती. मला हे लगेच पटलं. मला असंच काहीतरी पटायला हवं होतं, कारण रॉडवर प्लेट वाढली की सगळ्या शेडला दिसतं.

दुसऱ्याच आठवड्यात चुलतभावाचा डावा खांदा रॉडखाली कटकट वाजायला लागला. त्यानं कुणाशी वाद न घालता कोपऱ्यातले डंबेल उचलले. मी त्याला मनसोक्त छळलं. लग्नात हळदीला बसल्यासारखा काय बसतोस, म्हणालो. तो म्हणाला, दोन हात वेगवेगळे राहतात, खांदा दुखत नाही, आणि हात खाली नेले की छाती उघडते. रॉड छातीला टेकला की तिथंच थांबतो, डंबेल त्याच्याही खाली जातात. मी म्हणालो, ज्याला वजन पेलत नाही त्याला असले शोध लागतात.

त्याची नोकरी मोंढ्यातच होती, एका आडतीवर काट्यापाशी. सोयाबीनच्या गाड्या यायला लागल्या की सातच्या ठोक्याला तिथं हजर राहावं लागायचं. जिम साडेपाचला उघडायची. म्हणजे त्याच्याजवळ जेमतेम सव्वा तास, आणि मी दिवसभर अभ्यासिकेत बसणारा रिकामा माणूस. शेड उघडायच्या आधीच मी दाराशी असायचो. त्या वेळी शेडमध्ये आम्ही दोघं आणि उस्ताद, चौथं कुणी नसायचं.

रॉडचं एक आहे. जड रॉड मारायचा तर डोक्याशी एक माणूस उभा लागतो. आम्ही त्याला सपोर्ट म्हणायचो. हात संपले आणि रॉड अडकला, तर तो माणूस वर ओढून घेतो. डंबेलवाल्याला कुणी लागत नाही, तो दोन्ही बाजूंना टाकून मोकळा होतो. उस्ताद सकाळी देवपूजेला आत जायचे, म्हणून सपोर्ट चुलतभावाकडंच आला. एकदा त्यानं सांगितलं की जरा वजन कमी ठेव, माझे सेट राहून जातात. मला राग आला. तुझी गरज न्हाई, म्हणालो, आणि साठ किलो लावून एकटाच बेंचवर पडलो. प्लेटा निसटू नयेत म्हणून दोन्हीकडची लॉकं आवळून बसवली होती.

चौथ्यांदा रॉड खाली आला आणि वर गेलाच नाही. एखादा इंच उचलला जायचा आणि परत छातीवर बसायचा. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हता. लॉकं लावलेली, त्यामुळं एका बाजूला कलंडून प्लेटा सांडता येईनात. मला पत्र्याला पडलेलं एक भोक दिसत होतं आणि डोक्यात एकच विचार होता की बरगडी मोडली तर माप कसं देणार. मरणाचा विचार त्यानंतर आला. मग डोक्यावर त्याचा चेहरा दिसला, उलटा, आणि दात ओठ खात त्यानं रॉड ओढून कड्यांवर ठेवला. त्याचे डंबेल तसेच जमिनीवर घरंगळत होते.

मी आभार मानले नाहीत, उठून पाणी प्यायलो. पण त्या दिवसापासून मी बेंचवर पडलो की तो हातातलं टाकून डोक्याशी येऊन उभा राहायचा. मी आठ सेट मारायचो. माझे सेट संपेपर्यंत साडेसहा उलटलेले असायचे. मग तो घाईघाईत दोन तीन सेट डंबेल मारायचा आणि शर्टाची बटणं लावत मोंढ्याकडं पळायचा. मला हे दिसत होतं. मला न दिसल्यासारखं करणं सोयीचं होतं.

तीन महिन्यांनी माझे शर्ट दाटले. घरचे कौतुक करायला लागले, मी रस्त्यानं चालताना काखेत कलिंगड धरल्यासारखे हात ठेवून चालायचो. भरतीच्या आधीच्या रविवारी आम्ही एकमेकांची मापं घेतली. मी ब्याऐंशी आणि फुगवून सत्त्याऐंशी. तो बरोबर एकोणऐंशी आणि फुगवून पंच्याऐंशी. मी म्हणालो, काठावर हायस. त्यानं टेपची गुंडाळी करून खिशात ठेवली.

माप नांदेडला होतं. पहाटेच्या एसटीनं जाऊन आम्ही मैदानावर रांगेत बसलो. पुढं मी, मागं तो. उघड्या अंगानं शेकडो पोरं बसलेली. माझा नंबर आला. टेप पाठीमागून फिरून छातीवर आली. श्वास सोडा, असं मापणाऱ्यानं सांगितलं. त्र्याऐंशी. मला आतून हसू आलं. फुगवा. मी जीव खाऊन फुगवली. सत्त्याऐंशी.

चारच वाढली होती. एक सेंटिमीटर कमी.

आमच्याइतकेच घामाघूम झालेले मापणारे साहेब शांतपणे म्हणाले की पुन्हा एकदा घेऊ, दोन मिनिटं बाजूला उभे राहा. मी बाजूला आलो आणि जोरजोरात श्वास ओढायला लागलो. आणखी कुठून फुगवणार होतो? सगळी फुगवून झाली होती. मागून चुलतभाऊ हळू आवाजात म्हणाला, "फुगवू नको. तू सोडतच न्हाईस. तीन महिने झाले, तू छाती ताणूनच हिंडून राहिलास. पुरा रिकामा हो आधी."

मला ते ऐकताना लाज वाटली, कारण खरं होतं. श्वास सोडला तरी मी खांदे पाडत नव्हतो, छाती खाली येऊ देत नव्हतो. इतक्या पोरांत बारीक दिसणं मला जमतच नव्हतं. दुसऱ्या वेळी डोळे मिटले आणि खांदे पाडले. पोटातून हवा काढत गेलो, शेवटी खोकला येईपर्यंत. साडेएक्याऐंशी. मग फुगवली. सत्त्याऐंशी. पात्र.

मी शर्ट हातात घेऊन दोन पावलं सरकलो आणि त्याच्याकडं पाहत उभा राहिलो. त्याला श्वास सोडायला सांगितलं, त्यानं सोडला. खांदे आपोआप खाली आले, जसे त्याचे नेहमी यायचे. साडेअठ्ठ्याहत्तर. फुगवून पंच्याऐंशी. फुगवटा साडेसहाचा, लागतो त्याहून दीड जास्त, आणि मूळ मापात अर्धा सेंटिमीटर कमी. त्यालाही दोन मिनिटं दिली. तो मला श्वास सोडायला सांगू शकला होता, अर्धा सेंटिमीटर मांस मी त्याला तिथं कुठून देणार होतो. दुसऱ्यांदाही तेवढंच भरलं. अपात्र.

माझं पळणं आणि गोळाफेक दुसऱ्या दिवशी होती, मला नांदेडलाच थांबायचं होतं. त्याला सोडायला मी बसस्टँडवर गेलो. अहमदपूरची गाडी लागलेली नव्हती. आम्ही बाकड्यावर बसलो. मी चहा आणला, त्यानं घेतला. त्याच्या घरी कुणी फोन केला होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रोजचे माझे आठ सेट आणि त्याचे दोन तीन, हा हिशोब माझ्या डोक्यात फिरत राहिला. तो जर महिनाभर जरी माझ्या डोक्याशी उभा न राहता स्वतःचे डंबेल मारत राहिला असता, तर अर्धा सेंटिमीटर म्हणजे किती? काहीच नाही. मला स्वतःची किळस आली, आणि त्याचबरोबर, खोटं कशाला सांगू, आपलं झालं याचा आनंदही तसाच आत होता. दोन्ही एकदम.

गाडी लागली. माणसं चढायला लागली तेव्हा तो उठला. मी म्हणालो, "माझ्यामुळं गेलं तुझं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, तसं काही न्हाई. मी ते ऐकायला अगदी तयार होऊन उभा होतो.

"हाव," तो म्हणाला. "तुझ्यामुळंच गेलं. आता उद्या गोळा तरी नीट फेक."

आणि तो गाडीत चढला.